फक्त नाव बदललेलं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे विषय ठरत होते, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी माझ्या नावापुढे मला न विचारताच लिहून टाकलं : 'महाडच्या तळ्याचा सत्याग्रह'. मी महाडची, त्यातून बौद्ध वस्तीतली, मग दुसरा विषय कशाला शोधायचा? बाकीच्या मुलांना ते "तुझ्या मनात काय आहे?" असं विचारत होते. मला विचारलं नाही.

"सर, मला कोकणातल्या ज्यूंवर करायचंय," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्यू? तुमचा त्यांच्याशी काय संबंध?"

माझ्या पुढच्या बाकावर रत्नागिरीचा एक मुलगा बसला होता. त्याला मोगलांची महसूलव्यवस्था मिळाली होती. मी म्हटलं, "याचा मोगलांशी जेवढा आहे तेवढाच."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तुमच्या लोकांचा इतिहास तुम्ही नाही लिहायचा, तर कुणी लिहायचा?"

प्रश्न खोटा नव्हता. मला एवढंच कळत होतं की दुसऱ्यानं नेमून दिलेल्या जागी बसायचं नाही, हे ज्या गावाकडून मी शिकले त्याच गावाचं नाव त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं होतं. मी विषय बदलून घेतला. त्यासाठी तीन अर्ज करावे लागले.

ज्यू माझ्या डोक्यात आभाळातून पडले नव्हते. माझ्या आईचं माहेर तुडीलच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. अठरा वर्षांची असताना तिकडे एका लग्नाला गेले होते. दुपारी आईबरोबर करवंदं तोडायला गावामागच्या टेकाडावर चढले तर जाळीत चार थडगी दिसली. दगडांवर कोरलेली अक्षरं देवनागरी नव्हती, उर्दूही नव्हती.

"कुणाची गं ही?"

"शनवार तेल्यांची हायत," आई करवंदं ओट्यात टाकत म्हणाली. "तेलाचा घाणा व्हता त्यांचा. शनवारी बंद. काय झालं तरी शनवारी बैल जुंपायचे नाय."

"मग गेले कुठं?"

"त्यांच्या मुलखाला. मी ल्हान व्हते तवा गेले, बोटीनं."

"त्यांचा मुलूख कुठला?"

"काय ठावं गो. त्यांना पन ठावं नव्हतं म्हनं, जाईस्तवर."

त्या एका वाक्यामुळे मी इतिहास घेतला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या सावित्रीचं पाणी प्यालेली, भात खाणारी, मराठीत भांडणारी माणसं, आणि त्यांचा मुलूख म्हणे दुसराच. आम्हांलाही गावात असंच सांगितलं जायचं, की इथं आहात खरे, पण इथले नाही. फरक एवढाच की आम्हांला न्यायला कुठली बोट येणार नव्हती.

हिब्रू अक्षरं शिकायला मी ठाण्याला एका बाईंकडे जाऊ लागले. बाई त्याच समाजातल्या, बेने इस्रायली, एका दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. भाऊ-बहिणी सगळे इस्रायलला गेले, या एकट्या मागे राहिल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जास्त कोकणी होतं. मी उजवीकडून डावीकडे लिहिताना अडखळले की त्या म्हणायच्या, "उलटं आम्ही नाही लिहीत, तुम्ही लिहिता." काही विशेष असलं की मलिद्याचं ताट पुढे करायच्या : भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर केळ्याचे काप. आणि एक गोष्ट त्या अभिमानानं पुन्हा पुन्हा सांगायच्या : "जगात सगळीकडे आम्हांला हाकललं गं, जाळलं. इथं कुणी बोट लावलं नाही. कोकणात कुणी म्हणून नाही."

जगात काय झालं ते मी ग्रंथालयात वाचत होते. युरोपात प्लेगची साथ आली तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी आवई उठली, आणि त्या आवईवर गावंच्या गावं पेटवून दिली गेली. ते वाचलं त्या शनिवारी मी महाडला आले आणि वडिलांना सांगितलं. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. कमी बोलायचे.

"विहिरीत विष," ते म्हणाले. "आपल्या लोकांनी तळ्याचं पाणी प्यालं, तेव्हा माझा बाप त्यांत होता. घरी येईपर्यंत डोकं फुटलेलं. आणि मागाहून सवर्णांनी काय केलं? शेण, गोमूत, दूध, दही घागरी भरभरून तळ्यात ओतलं. तळं शुद्ध झालं म्हणे."

ही हकीगत मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा ती दुसऱ्या एका हकीगतीशेजारी ठेवून पाहिली. प्रबंधात मी त्याबद्दल एक तळटीप घातली. मार्गदर्शकांनी लाल पेनानं ती खोडली आणि बाजूला लिहिलं, 'विषयांतर'. मी पुढच्या मसुद्यात ती पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा खोडली. बांधणीला जाणारी प्रत टाइप करून घेताना मी ती तिसऱ्यांदा घातली आणि ती तशीच छापून गेली. आजही आहे.

पदवी हातात आली, पण ज्यूंचा इतिहास शिकलेल्या माणसाला नोकरी कोण देणार? पोलादपूरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागले. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी परत यायचं. शिकवायला मला मनापासून आवडायचं. डोंगरावरच्या वाड्यांतल्या मुली दोन-दोन तास उतरून कॉलेजला यायच्या आणि फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरून घ्यायच्या.

स्टाफरूममध्ये आम्ही नऊ जण होतो, कोपऱ्यात सगळ्यांसाठी पाण्याचा माठ होता. माझ्यासमोरच्या खुर्चीवर वाणिज्य शिकवणारे एक सर बसायचे. माझ्याच वयाचे, मृदू बोलणारे. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज चौकशी करायचे. मी लागले त्याच वर्षी त्यांनी घरून पाण्याची हिरवी बाटली आणायला सुरुवात केली. "पोटाचा त्रास आहे, मॅडम," ते म्हणाले. मी त्यांना ओवा खायचा सल्ला दिला होता.

पुढे दोन-तीन वर्षांनी महाडला स्टँडजवळ सायबर कॅफे निघाला. परदेशी ग्रंथालयांच्या याद्या महाडात बसून बघायला मिळतात हे कळल्यावर मी शनिवारी दुपारी तिथं जाऊन बसू लागले. पण ज्यूंबद्दल काहीही शोधायला गेलं की ग्रंथालयाच्या आधी दुसरंच समोर यायचं. पानंच्या पानं शिव्या. पुस्तकात वाचलेली शंभर वर्षांपूर्वीची बदनामीची पत्रकं, तीच वाक्यं, आता रंगीत अक्षरांत. मला वाटायचं, हे संपलेलं आहे, मी संपलेल्या गोष्टीचा अभ्यास करते. ते संपलेलं नव्हतं.

एका शनिवारी अशाच एका पानावरून दुसऱ्यावर जात जात मी एका चर्चागटावर पोचले. तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. आणि विषय ज्यू नव्हता. विषय आम्ही होतो.

पहिल्या चार ओळी वाचल्या आणि मी थबकले. हे मी वाचलेलं होतं. हे लोक मोजकेच दिसतात पण आतून सगळे एक असतात, कचेऱ्यांत शिरतात, शाळांत शिरतात, लेखणी हातात घेतात आणि मग घरच्याच माणसाला घराबाहेर काढतात. हा क्रम, ही उदाहरणं, सगळं मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी टिपून ठेवलं होतं. कुणीतरी ज्यूंविरुद्धचं जुनं पत्रक उचलून मराठीत उतरवलं होतं आणि 'ज्यू' होतं तिथं आमच्या जातीचं नाव घातलं होतं. बाकी काही बदललं नव्हतं. इतकं काही बदललं नव्हतं की पाचव्या ओळीत लिहिलं होतं, जगातल्या बँका यांच्या ताब्यात आहेत.

मी कॅफेत मोठ्यानं हसले. शेजारच्या केबिनमधला माणूस वळून बघायला लागला. आमच्या वस्तीत म्हणे सगळ्यांच्या बँका!

मग खाली सरकले. त्याच टोपणनावानं आणखी लिहिलं होतं : 'आमच्या स्टाफरूममध्ये पण एक मॅडम आहेत. ज्यूंचा इतिहास शिकून आल्यात, बाहेरून पैसा येत असणार. बिनदिक्कत माठात हात घालतात. तेव्हापासून मी पाणी घरून आणतो.' खाली सात जणांनी हसून दाद दिली होती.

मी ते किती वेळा वाचलं आठवत नाही. शरम वाटली, हे कबूल करते. आपण काहीतरी घाण केली आणि सगळ्यांना कळलं, अशी शरम. मी एम.ए. झालेली बाई, विषाच्या विहिरींबद्दल तळटीप लिहिलेली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला की मी खरंच माठात हात घातला होता का. माठाला तोटी होती. हात घालायचा प्रश्नच नव्हता. पण तो विचार आला, आणि तो आला याचाच मला पुढे सगळ्यात जास्त संताप आला.

छापून द्या म्हटल्यावर कॅफेवाला कुरकुरला. "असलं कशाला छापता, मॅडम? भानगड होईल." मी जागची हलले नाही. शेवटी त्यानं छापून दिलं.

घरी आईनं ऐकलं आणि म्हणाली, "फाडून टाक गो. नोकरी पक्की व्हायची हाय अजून." वडिलांनी कागद मागून घेतले, चष्मा लावून सावकाश वाचले. मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "यावर तारीख नाही. कुठल्या दिवशी पाहिलंस, किती वाजता, कुठल्या पत्त्यावर, ते लिही. आणि नुसती कात्रणं ठेवू नकोस, नोंदवही कर." त्यांनीच कपाटातून एक कोरी जाड वही काढली आणि पट्टीनं रकाने आखले. तीस वर्षं कचेरीत आवक-जावक लिहिलेला माणूस. माझ्या पुढच्या सगळ्या संशोधनाची पद्धत त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर ठरली, हे कुठल्याच विद्यापीठाला माहीत नाही.

ओळखीच्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, टोपणनावामागचा माणूस कोर्टात सिद्ध कसा करणार? ठीक आहे, म्हटलं. कोर्टात नाही तर नाही.

सोमवारी कशेडी घाटात दरड आली होती. खेडकडून येणारे तिघे शिक्षक तीन दिवस येऊ शकले नाहीत. मी थांबले. मला सगळे हवे होते. गुरुवारी नऊच्या नऊ जण मधल्या सुट्टीत जमले, तेव्हा मी उभी राहिले.

"एक मजकूर वाचून दाखवायचाय. दोन मिनिटं लागतील."

कुणाला वाटलं परिपत्रक आहे. मी सरळ आवाजात, वर्गात वाचते तसं, पहिल्यापासून वाचलं. बँकांची ओळ आली तेव्हा कुणी हसलं नाही. माठाची ओळ वाचली तेव्हा सगळ्यांची नजर एकदम टेबलावरच्या हिरव्या बाटलीकडे गेली. मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

"मॅडम, नेटवर लोक काय वाट्टेल ते लिहितात," वाणिज्यचे सर म्हणाले. त्यांचा आवाज तसाच मृदू होता. "तुम्ही कशाला मनावर घेता?"

"तुम्ही लिहिलंय का, सर?"

"असं तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. म्हणून विचारतेय. हो किंवा नाही."

"टाइमपास असतो तो. गंमत."

"कुणाची?"

मी माठाजवळ गेले, पेला भरला, त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "गंमतच असेल तर प्या."

त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांना पिता आलं असतं. एक घोट घेऊन हसून विषय मिटवला असता, तर मीच खोटी पडले असते. पण त्यांचा हात उचलला गेला नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मग घंटा झाली आणि सगळे वह्या घेऊन आपापल्या वर्गावर गेले. संध्याकाळी ग्रंथपाल बाईंनी मला ग्रंथालयात बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत." मी म्हटलं, "बाई, हेच दार उघडं ठेवून म्हणाला असतात तर?" त्या ओशाळल्या. आज वाटतं, मी जरा कठोर बोलले. पण खोटं बोलले नाही.

पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. कुणी काढून टाकलं नाही, कुणी दोषी धरलं नाही. नुसतं वेळापत्रक लागलं आणि त्यात मी नव्हते. प्राचार्य म्हणाले, "कार्यभारच नाही, मॅडम. मनात काही नाही."

"मग तेवढं लेखी द्या."

चार पत्रं पाठवल्यावर लेखी आलं. वडिलांनी त्याला नोंदवहीत क्रमांक दिला.

मी ठाण्याला बाईंकडे गेले आणि दोन कागद त्यांच्यासमोर ठेवले : जुन्या पत्रकाची प्रत आणि आमच्याबद्दलचा मजकूर. त्या एकदा इकडे, एकदा तिकडे वाचत राहिल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "हे आमच्याविरुद्धचं आहे," त्या म्हणाल्या. "हे इथं कसं आलं? कोकणात हे कधी नव्हतं!"

मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "आता एक सांगते, ते पण लिहून ठेव. आमच्यात गोरे आणि काळे होते. काळे म्हणजे ज्यांची आई बाहेरची. माझ्या माहेरी काळ्यांना ताट वेगळं होतं. मी स्वतः वाढलंय त्या ताटात. मलिदा खायला घातला ना तुला, तेव्हा दर वेळी मला ते ताट आठवायचं. बोलले नाही."

मी लिहून घेतलं.

त्या दिवसापासून माझा विषय ठरला, आणि तो कुणी नेमून दिलेला नव्हता. द्वेषाचा मजकूर एका समाजाकडून दुसऱ्यावर कसा उतरवला जातो, आणि नेटवर तो कसा फिरतो. पीएच.डी.च्या नोंदणीसाठी इतिहासाच्या समितीसमोर गेले तर ते म्हणाले, हा इतिहास नव्हे, हे तर आत्ता चाललंय. एक सदस्य म्हणाले, "नेटवर रिकामटेकडे लोक बसतात. त्यांच्यावर कसला प्रबंध?" दुसऱ्यांनी सौम्यपणे विचारलं, "हे तुम्ही वैयक्तिक त्रासातून करताय का?"

"हो," मी म्हटलं. "आणि विषय त्यामुळे खोटा ठरत नाही."

त्यांनी नाकारलं. दुसऱ्या वर्षी मी समाजशास्त्राच्या दारात गेले, तोच आराखडा घेऊन, एक ओळ न बदलता. तिथल्या बाईंनी नोंदवही मागितली, तासभर चाळली आणि विचारलं, "हे रकाने कुणी आखले?" नोंदणी झाली.

कामात सुख नव्हतं. रोज चार तास घाण वाचायची, तिला तारीख घालायची, मूळ कुठलं ते शोधायचं. मुसलमानांबद्दल, परप्रांतीयांबद्दल, आमच्याबद्दल, तेच साचे. आणि आमच्याकडूनही. माझ्या सख्ख्या चुलतभावानं एका गटावर दुसऱ्या जातीच्या बायकांबद्दल जे लिहिलं होतं ते मी नोंदवलं. तो घरी येऊन ओरडला, "आपल्याच माणसाचं लिहितेस?" मी म्हटलं, "तू लिहिलंस. मी फक्त नोंदवलं." तो दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. माझी बाजू माझ्याच माणसांना आवडावी, ही अपेक्षाही तिथं सुटली.

पीएच.डी. मिळाली त्या वर्षी पोलादपूरकडच्या त्याच महाविद्यालयाचं पत्र आलं. इंटरनेटच्या जबाबदार वापरावर व्याख्यान द्याल का? खाली सही होती प्रभारी प्राचार्यांची. वाणिज्यच्या सरांची.

आई म्हणाली, जाऊ नको. मी गेले. हॉल भरला होता. सरांनी माझा परिचय करून दिला, 'आमच्याच महाविद्यालयाच्या माजी सहकारी' म्हणाले आणि पुष्पगुच्छ पुढे केला. मी तो घेतला, टेबलावर ठेवला आणि बोलायला उभी राहिले. ठरवून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. विहिरींचं सांगितलं, तळ्याचं सांगितलं, एका पत्रकात फक्त नाव कसं बदललं आणि बँका कशा तशाच राहिल्या ते सांगितलं. मुलं हसली. मग म्हटलं, "हे लिहिणारा माणूस याच इमारतीत शिकवत होता. आणि ज्या माठाबद्दल त्यानं लिहिलं, तो याच इमारतीत होता." हसणं थांबलं. मी सरांकडे वळूनही पाहिलं नाही.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, मग त्या माणसाचं काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तो अजून शिकवतो."

ती खाली बसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. आभार मानायला सर उठले, तेव्हा तिची वही उघडीच होती.